गायीच्या पोटातली उत्तर दिशा

व्हिरोक्वाच्या पुढे, विस्कॉन्सिनचे डोंगर बुटके होत जातात तिथे
अर्लिन टॉर्गरसनचा गोठा. पहाटेचे पाच. उणे अठरा.
माझ्या भुवयांवर माझाच श्वास गोठलाय.

दोनशे चौदा नंबर पाठ कमानीसारखी करून उभी,
कोपरं बाहेर काढलेली, चाऱ्याला तोंड नाही,
दूध कालपासून निम्म्यावर.
"काहीतरी गिळलंय," अर्लिन म्हणतो
आणि कानटोपी खाली ओढतो.

गाय निवडत बसत नाही.
आपण तांदूळ पाखडतो, खडा बाजूला काढतो.
ती जिभेचा वेढा घालते आणि ओढते :
गवत, गवताबरोबर तारेचा तुकडा,
कुंपणाचा खिळा.
सगळं जाऊन पडतं दुसऱ्या पोटात,
आतून पोळ्यासारखी षटकोनी नक्षी असलेल्या.
नक्षीच्या पलीकडे, चार बोटांवर,
काळीज.

म्हणून आम्ही गायीला लोहचुंबक गिळायला देतो.
बोटाएवढं, दोन्ही टोकं गुळगुळीत,
किंमत दोन कॉफ्यांची.
ते जन्मभर तिथेच बसून राहतं
आणि आलेलं लोखंड धरून ठेवतं,
भांडखोर पाहुण्याला हात धरून शेजारी बसवावं तसं.

पण आधी पाहायचं असतं, आत एक आहे का.
मी खिशातून होकायंत्र काढते.

हे बाबांचं.
वाट शोधायला नव्हतं ते.
बाबा कराडच्या बाहेर फारसे गेलेच नाहीत.
घड्याळ जवळ धरायचे, सुई हलली की म्हणायचे, "बाधलंय."
आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगचे वेढे
एकमेकांना चिकटतात, घड्याळ धावत सुटतं,
दिवसाला दहा दहा मिनिटं पुढे.
सहावीत मी शाळेतलं नालाच्या आकाराचं चुंबक
दप्तरात घालून दुकानात आणलं.
तीन गिऱ्हाइकांची घड्याळं बाधली.
बाबा ओरडले नाहीत. त्यांनी एकेक घड्याळ
वीज सोडलेल्या वेटोळ्यात धरलं
आणि हळूहळू बाहेर, हातभर लांब नेलं.
"लोखंड विसरतं," म्हणाले, "सावकाश दूर नेलं तर."

मी एकोणीस तासांत इथे आले.

सुई सायलोकडे उत्तर दाखवतेय.
डाव्या कोपराच्या मागे, केसांना टेकवून धरते.
ती थरथरते. वळते.
सरळ गायीकडे बोट करते.

"हिच्यात आहे की एक. तुमच्या वहीत तर नाही."
अर्लिन वही उघडतो. निळ्या शाईतलं व्हर्नाचं तिरकं अक्षर,
ऑक्टोबरपर्यंत. पुढची पानं कोरी.
तो वही मिटतो, गाईच्या मानेवर हात ठेवतो,
आणि बराच वेळ काढत नाही.

म्हणजे तार आहे, चुंबकही आहे,
आणि दोघांची गाठ अजून पडायची आहे.
(किंवा ती तार तांब्याची असेल.
तांब्याला चुंबकाचं काही पडलेलं नसतं.)
पुढचे पाय फळीवर उंच केले, म्हणजे जे काही असेल
ते काळजापासून मागे घसरेल.
सुई टोचली. बाकी वाट पाहायची.

स्वयंपाकघरात अर्लिननं कॉफी दिली.
फ्रिजचं दार स्वतःच ओढून बंद झालं, रबरात दडलेल्या पट्टीनं.
दारावर मक्याच्या कणसाच्या आकाराचं चुंबक,
त्याखाली यादी : अंडी, दोरा, अर्लिनचे मोजे.
मी वाचलं नाही असं दाखवलं.

गाडीत होकायंत्र समोर ठेवलं.
सुई स्पीकरकडे वळली. मग फोनकडे.
इथे जो तो स्वतःलाच उत्तर म्हणवतो.
मी झाकण लावून ते दप्तरात, म्हणजे बॅगेत, टाकलं.

तिसऱ्या दिवशी अर्लिनचा मेसेज :
"रवंथ करतेय."
खाली आणखी एक ओळ, उशिरा आलेली :
"वहीत काय लिहायचं असतं?"