रातवा, तीनदा

मूळ नाव इंग्रजी, जिभेला न वळणारं.
रुवीच्या त्या खोलीत शौकत परकारने त्याचा रातवा केला,
दाभोळच्या खाडीकाठी तिन्हीसांजेला
जमिनीलगत झेपावणारा तो पक्षी.
आठ माणसं, चार दुमजली खाटा, एक व्हीसीआर,
गुरुवारची रात्र आणि उशाला शुक्रवारची सुट्टी.

पहिला रातवा पोट सुटलेला.
पंख पडद्याच्या कापडाचे, विजार घोट्याशी चुरगळलेली.
उडताना पाठीमागची तार स्वच्छ दिसायची
आणि विश्राम टेमकर दर वेळी ओरडायचा,
"अरे, तार बघ, तार!"
त्याचा बाप दीपगृहावरचा माणूस,
पाट्या यायच्या आधीच वारलेला. भिंतीवर नुसता फोटो.
रातवा फोटोकडे बघायचा, मग खलनायकाकडे,
मग ठोसा.
दुःख तीन सेकंदांचं.
आम्हाला पुरायचं.

दुसरा आला तेव्हा माझं लग्न झालं होतं.
थिएटर असं गारठलेलं की सुनंदाने माझा रुमालसुद्धा
कानांना बांधला. (डक्टचं माप चुकलं होतं, मला आवाजावरून कळत होतं.)
हा रातवा काळ्या चामड्यातला,
घसा बसल्यासारखा कुजबुजणारा.
इथे बाप पडतो. पूर्ण पडतो.
एकशे चाळीस पायऱ्या, पाऊस, हातातला कंदील,
आणि बोटं सुटतात ती इतकी सावकाश
की मला वाटलं, कुणीतरी पोचेल.
नायिकेचं चुंबन कात्रीने नेलेलं.
तो वाकतो, आणि एकदम दाराबाहेर उभा असतो.
मरण मात्र अख्खं.
मरणाला इथे कात्री लागत नाही.

पुढच्या वर्षी, अर्धा डक्टमध्ये असताना
फोरमनने माझा पाय ओढला. घरून फोन.
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, किल्ली सलालाला गेलेल्या मॅनेजरकडे.
भाऊ म्हणाला, झोपेतच गेले, कळलंही नाही त्यांना.
शेजारचे भिकूतात्या म्हणाले, छे, विहिरीवर.
कळशी काठावर तशीच होती भरलेली.
आई अकरा महिने काही म्हणाली नाही.
मग मी रजेवर गेलो तेव्हा, तांदूळ निवडता निवडता,
"विचारत होते, तिकडे आत्ता किती वाजले असतील.
मी म्हटलं, दीड तास मागे.
म्हणाले, मग आहे अजून वेळ."

तिसरा रातवा परवा, मॉलमध्ये, निहारबरोबर.
निहार पंधराचा. त्याला सगळे अंक पाठ,
कुठल्या दिग्दर्शकाने काय गाळलं, तेही.
हा रातवा तासभर उडतच नाही.
इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी बसून राहतो,
नोकरी सुटलेल्या माणसासारखा.
आणि बाप या वेळी पडत नाही.
पायरीवर बसतो, पोराला म्हणतो, जा, तेल घेऊन ये.
पोरगा जातो. कॅमेरा पोराबरोबर जातो.
परत येतो तर पायरीवर ऊन.
बस्स. कसं, कुठे, काही नाही.
निहार कुजबुजला, "हेच बरोबर, बाबा. मूळ अंकात असंच आहे."
मला मान हलवता आली नाही.
तेलाचा डबा पोराच्या हातात तसाच होता
आणि तो तो कुठे ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं.

बाहेर पार्किंगमध्ये रात्री दहालाही डांबर गरम.
डोंगर काळे, जवळ सरकून बसल्यासारखे.
निहार विचारतो, "तीनांतला खरा कुठला?"
"पहिला," मी म्हणतो.
"तो? पडद्याच्या कापडातला?" हसून वाकतो पोरगा.
"त्यात तार दिसते," मी म्हणतो.
त्याला वाटतं, मी चेष्टा करतोय.

गाडी सुरू करतो. आधी गरम हवा, मग गार.
घड्याळात दहा चौदा.
तिकडे पावणेबारा.
आई झोपली असेल.