जुनं स्टेअरिंग

कळमन्यात संत्रा उतरवला,
रिकामे क्रेट दोरीनं आवळले
आणि तळेगाव फाट्यावरून थेट आर्वीत शिरलो.
प्रज्योत ठेंगरेचं घर पाण्याच्या टाकीमागं.
फोनवर साडेचार हजार म्हणाला होता.
माझ्या खिशात छत्तीसशे, सुटे.

स्टेअरिंग पलंगावर, टॉवेलवर ठेवलेलं.
मी लगेच हात लावला नाही.
जुनी गाडी बघतात तसं आधी खालून बघितलं:
वायर कुठं सोललीय, टेप कुठं मारलाय.
नऊ वाजताच्या जागी कातडं घासून गुळगुळीत,
अंगठ्याएवढा खड्डा.
उजवी बाजू मात्र कोरी.
"उजवा हात गिअरवर राहते ना काका."
ब्रेकची स्प्रिंग ढिली आहे,
हे त्यानं आपणहून सांगितलं,
म्हणून दोनशे मीच वाढवले, उधारीवर.

वायर लावली तसं ते एकटंच फिरलं,
डावीकडं टोकापर्यंत,
मग उजवीकडं टोकापर्यंत,
आणि मधे येऊन गप्प.
"हे असंच करते. पहिले आपली हद्द मोजून घेते."

सोमवारी त्याची पुण्याची गाडी होती.
म्हणाला, शेवटची एक चक्कर मारू काय?
मार म्हटलं.
माझा चहा संपला,
त्याच्या आईनं चिवडा आणला, तोही संपला,
तो अजून वळणं घेत होता.

क्रेटमध्ये, दुपट्ट्यात गुंडाळून आणलं.
घरी येईस्तोवर त्याला संत्र्याचा वास लागला.

"दिवसभर तेच तं फिरवता," प्रणिता म्हणाली,
"घरी कायले अजून एक?"
अठरा वर्षं पिकअप चालवतोय.
कुठंच जायचं नाही, अशी गाडी
एकदाही चालवली नाही.
हे तिला सांगायला गेलो
आणि तोंडातून निघालं, "स्वस्तात भेटलं."

टेबल डुगडुगत होतं.
शेवटी तिच्या शिलाई मशीनचं डोकं आत दुमडून
फळीला आवळलं घट्ट.
खाली तिच्या पायट्याला खेटून
माझे दोन पेडल.
उन्नतीनं लॅपटॉप जोडून दिला.

तिसऱ्या वळणावर भिंत.
परत भिंत.
मागं माल नाही, सीटखाली धडधड नाही,
चाक डबक्यात गेलं तरी कंबरेला पत्ता नाही.
सरळ रस्त्यावर मात्र मी हळू करायचो
आणि पोरगी हसायची:
"बाबा, तिथं गतिरोधक नाही, काऊन थांबता?"

"सरका," प्रणिता म्हणाली.
पदर खोचला, चप्पल काढली.
ढिल्या स्प्रिंगला तिनं नावं ठेवली नाहीत,
तिच्या मशीनचा पट्टाही ढिलाच आहे.
पहिलं वळण आलं
आणि वळणाच्या बरंच आधी
तिनं पाय हलका केला,
मग वळणभर नुसतं सोडून दिलं,
बाहेर पडताना दाबलं.
चाक भिंतीला शिवलं नाही.
कुठं शिकली म्हटलं तर
स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाली,
"गळा शिवतानी वळणात जाऊन पाय आवरला
तं शिवण सुटते.
आधीच आवरा लागते."

आता जयमालाबाईचे ब्लाउज आले की
स्टेअरिंग काढून तांदळाच्या कोठीवर ठेवायचं,
हातशिलाई, काजं, बटणं झाली की पुन्हा लावायचं.
नऊ वाजताच्या खड्ड्यात
तिचा अंगठा बसत नाही, लहान पडतो.

परवा अस्तराचं कापड आणायला
तिला पिकअपमध्ये घेऊन निघालो.
प्रत्येक वळणाआधी
तिचा उजवा पाय खाली मॅटवर दाबला जायचा,
माझ्या ब्रेकच्या जरासा आधी.
ती बाहेर बघत होती,
तिला ठाऊकही नसेल.
मी काही बोललो नाही.
देऊरवाड्याच्या वळणावर
मीही तेव्हाच दाबला.