एकच ठेवायचाय

टेबलावर वर्तमानपत्र पसरून
दोघांना शेजारी शेजारी बसवलंय.
एक रुपेरी, एक काळा.
दोघांच्याही पोटात आरसा नाही,
म्हणून तर घेतले होते. हलके.
हनुमान टेकडी चढताना खांदा दुखू नये.
आता एकच ठेवायचा.
सिलिका जेलचा डबा एकालाच पुरतो.

रुपेरीचं रबर सुटलंय अंगठ्याखाली.
दोनदा फेविक्विकनं चिकटवलं,
तिसऱ्यांदा माझंच बोट चिकटलं.
आतली बारकी बॅटरी केव्हाच गेली,
त्यामुळे मोठी चार्जिंगला काढली की
तो परत एक जानेवारी दोन हजार तेरा,
रात्रीचे बारा.
दगडफुलांचे माझे सगळे फोटो,
श्रावणातले, माघातले,
एकाच मध्यरात्री काढलेले,
लख्ख उन्हात.

काळा तारखेचा पक्का.
फोकस करताना कुरकुरत नाही.
फक्त उजव्या कोपऱ्यात एक पिक्सेल बिघडलाय:
लाल टिंब. आभाळात, पाषाण तलावात,
आणि एकदा भाचीच्या लग्नात विहीणबाईंच्या नाकावर.
त्या अजून म्हणतात, मुद्दाम केलं.

हिरव्यावरून दोघांचं पटत नाही.
एक पिवळ्याकडे ओढतो, दुसरा निळ्याकडे.
काल एकाच खडकासमोर उभं केलं दोघांना,
तेच ऊन, तेच सकाळचे आठ.
दगडफुलानं कुणाचंच ऐकलं नाही.
वर्षाला नखाच्या कडेएवढं वाढतं ते,
त्याच्या हिशेबात दोन्ही कॅमेरे
काल संध्याकाळीच दुकानातून आलेत.

काळा मुळात माझा नाहीच.
सहकारनगरातून घेतला, वडील गेल्यावर मुलानं विकला.
घाईत होता, कार्डही तसंच दिलं.
त्यावर एकेचाळीस फोटो,
सगळे घरच्या विजेच्या मीटरचे.
दर महिन्याची पाच तारीख,
आकडे स्वच्छ यावेत म्हणून टॉर्च
जरा तिरका धरलेला.
बिलावर विश्वास नव्हता माणसाचा.
पुण्यात आम्ही याला गुण म्हणतो.
आणि प्रत्येक फोटोच्या पोटात,
मालकाच्या रकान्यात, रोमन लिपीत, सगळी मोठी अक्षरं:
मधुसूदन ग. खांबेटे.

तेच नाव माझ्या दगडफुलांखाली.
मेनूत चार पायऱ्या उतरलं की पुसता येतं.
सात वर्षं झाली,
मी काही उतरले नाही.

दुपारी अलमास तांबोळी आली,
आर्किटेक्चरचं दुसरं वर्ष,
घोरपडी पेठेतून सायकलनं.
"मावशी, शटर काउंट किती?"
स्थळाचं वय विचारावं तसं.
रुपेरी एकावन्न हजार, काळा अडतीस.
लपवलं नाही.
"आणि जास्त चांगला कुठला?"
मी चहा टाकायला उठले.

आतून ऐकत होते.
एकाचा टच्क, एकाचा खट्.
टच्क. खट्. टच्क.
मग बराच वेळ नुसतं
टच्क, टच्क.
कप घेऊन बाहेर आले तर
रुपेरी तिच्या गळ्यात, आणि सुटलेलं रबर
तिच्या अंगठ्यानं आपसूक दाबून धरलेलं.
"तारीख चुकते त्याची," म्हटलं.
"चुकू दे की. तारखा मी वहीत लिहीन."
साडेसात हजार ठरले होते.
पाचशे मीच कमी केले, फेविक्विकचे.

संध्याकाळी जिन्याखाली गेले.
सोसायटीचे मीटर, कोळिष्टकांतून ओळीनं.
माझा तिसरा.
टॉर्च तिरका धरला.
खट्.

सात हजार तीनशे सेहेचाळीस.
कोपऱ्यात लाल टिंब,
मीटरचाच दिवा वाटावा असं.
मालक: खांबेटे.
तारीख मात्र अकरा.
त्यांना हे चाललं नसतं.