अर्धा कागद

चौदा नंबरच्या पिंजऱ्यात
मी अर्धाच कागदी रुमाल टाकते.
पंधरात ओंजळभर पट्ट्या, लाकडाचा भुसा,
घरटं म्हणावं असं काहीतरी.
बाकी सारखं. पाणी, दाणे, ऊब,
उंदरांना जवळजवळ न दिसणारा लाल दिवा,
आणि बिनखिडक्यांच्या खोलीबाहेर
ग्रोनिंगनचा वारा, उभ्या सायकली आडव्या करणारा.

दुसऱ्या दिवसापासून नवव्यापर्यंत. एवढंच.
मग चौदालाही पोटभर भुसा,
जणू काही झालंच नव्हतं.

माझं काम खुणा करायचं.
आई उठली की एक, परतली की एक.
चौदातली उंदरीण कागद ओढते, तो पुरत नाही,
दूध पिणारी पिल्लं तशीच टाकून उठते,
कोपरा हुंगते, येते,
एकावर पाय देते, चाटते, पुन्हा उठते.
रात्री अडीचला मी बेरीज केली.
पंधराची आई पिल्लांपाशी एकशे बारा मिनिटं.
चौदाची एकशे चौदा.
दोन जास्तच.
मी पुन्हा केली. तीच आली.

"बेरीज नको बघूस, आल्त्ये," नुरसेल म्हणाली.
तिच्या पीएचडीचं चौथं वर्ष, डोळ्यांखाली काळं.
"तुकडे मोज."

पंधरात नऊ.
चौदात एकेचाळीस.

माझी आई घरातच असायची.
झाउटकाम्पला, आमच्या स्वयंपाकघरात,
टेबलभर करडी कोळंबी, सोलायची, किलोमागे पैसे.
वेणी घालायला मला पुढ्यात घ्यायची
आणि मध्येच उठायची:
भोंगा वाजला का, बाबांची बोट दिसते का.
परतून खारट बोटांनी
भलताच पेड धरायची.
शेजारी म्हणत, ही पोरीला सोडून कुठे म्हणून जात नाही.
खरंच होतं ते.

सातव्या रात्री मी खिशातला रुमाल
चौदात सोडला.
अख्खा. घडी न मोडता.
का, ते विचारू नका; तक्त्यात तो रकाना नव्हता.
उंदरिणीनं तो हुंगला, फाडला,
आणि पहाटेपर्यंत खूण करायची वेळच आली नाही.

दोन महिन्यांनी अधिकच्या चिन्हासारखी उंच फळी मांडली.
दोन हात उघडे, दोन भिंतींआड.
विषम नंबरांची पोरं काठाशी गेली,
मान खाली घालून तळ बघून आली.
सम नंबरांची भिंत धरून.
चौदाची आठ. त्यातली सहा भिंतीशी.
दोघं मात्र टोकाला,
तिथेच बसून मिशा पुसत.
तेव्हा मी नुरसेलला सांगून टाकलं.

ती ओरडली नाही.
पेन्सिलीनं चौदावर आडवी रेघ मारली. बाद.
मग मला भिंगाशी नेलं, सोळाचा काप दाखवला:
एका जागी पेशींच्या फांद्या खुडल्यासारख्या,
आणि ज्याला माणसात बदाम म्हणतात,
इथे तिळाएवढा,
तिथे रान माजलेलं.
"आणि चौदाचे? त्या दोघांचे?"
"बाद म्हणजे बाद. कापलेच नाहीत."
पण पिंजरा रिकामा होता.
ते कसे रिकामे होतात मला माहीत आहे, मीच धुते.

रविवारी आईकडे गेले, विन्सुमच्या वृद्धाश्रमात.
कॉफीचा कप अर्धा ठेवून ती उठली,
खिडकीशी गेली. भोंगा वाजला म्हणाली.
तिथे बंदर नाही, बीटाचं शेत आहे.
मी "बस गं" म्हटलं नाही.
खिडकीशी उभी राहिले तिच्याबरोबर, मोजल्याशिवाय.
तिच्या लहानपणी
कुणी किती कागद टाकला होता,
हे मी कधी विचारलं नाही, आता तिला आठवत नाही.

सोमवारी नवी वीण.
मी रुमालाची घडी घालते, नखानं दाबते,
मधोमध फाडते.
सरळ फाटत नाही तो.
एक अर्धा नेहमी थोडा मोठा येतो.