कोंडून घ्यायचे पैसे

बुडापेस्टला तळघरांना तोटा नाही.
कोळशाची शेगडी गेली, माणसं वरच्या मजल्यांवर राहिली,
आणि खालच्या रिकाम्या अंधाराला कुणीतरी
कुलपं लावून भाडं घ्यायला लागलं.

पहिल्यांदा गेलो ते पाणबुडीत.
एमेशेचा वाढदिवस. लाल दिवा, भोंगा,
पत्र्यावर थेंब थेंब पाणी.
ते खेळातलं होतं की तळघरच गळत होतं,
यावर आमचं अजून एकमत नाही.
वेंडेलने दिसेल ती झडप फिरवली,
न फिरणारीसुद्धा.
ती हातातच आली.
दंड भरला. झडप त्याच्या टेबलावर आहे,
विजेच्या बिलांवर ठेवलेली.

मग फॅरोचं थडगं.
थर्माकोलचे दगड, वाळूत मांजराची पावलं (खरी).
बोगलार्का, माझी बहीण,
आईचं घर विकल्यापासून माझ्याशी बोलत नव्हती;
एमेशेने दोघींना एकमेकींची खबर न लागू देता बोलावलं.
खोलीच्या दोन टोकांना दोन दगड,
एकाच क्षणी दाबायचे.
"आता," ती म्हणाली.
दोन वर्षांतला पहिला शब्द.
माझा हात उशिरा पडला.
"पुन्हा."
दुसरा.
भिंत सरकली, सगळे ओरडले,
बाहेर येऊन तिने तिची ट्राम पकडली.
कुलपं लवकर उघडतात, त्याचं काय एवढं.

तिसऱ्या खेपेला बाबा आले.
अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, टोपी हातात,
जिना एक एक पायरी मोजत.
"कोंडून घ्यायचे पैसे?
आमच्या वेळी फुकट होतं."

खोलीचं नाव होतं 'पंच्याहत्तर सालचं घर'.
तपकिरी वॉलपेपरवर नारिंगी वर्तुळं,
चकतीचा फोन, काचेच्या कपाटात
न वापरलेले सहा पेले.
गोष्ट अशी: या घरात कान लपवलाय,
इन्स्पेक्टर यायच्या आत शोधा.
आम्ही गाद्या उलटल्या,
वेंडेल (त्याला ताकीद देऊनही) कपाटामागे अर्धा शिरला.
बाबा खोलीभर एकदा फिरले,
टेबललॅम्प उचलला,
बुडाचं फेल्ट नखाने सोललं.
बटणाएवढी काळी गोष्ट.
दार खटकन् उघडलं. एकोणीस मिनिटं.

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी उत्तर दिलं नाही.
छताच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं.
तिथे कॅमेऱ्याशेजारी एक जाळीची डबी,
जिच्यातून मघापासून
एक पोरगी आम्हाला ऐकत होती,
अडलो तर सुचवायला.
"आणि तो?" ते म्हणाले.

पोरगी स्पीकरमधून हसली, जरा ओशाळून:
"अभिनंदन. दार उघडं आहे, आपण येऊ शकता."
बाबा आरामखुर्चीत बसले.
"साठ मिनिटांचे दिलेत ना?"
रेडिओचं बटण फिरवलं. नुसतं खोकं.
नळ सोडायला गेले. नळ भिंतीला चिकटवलेला.
मग त्यांनी बोटांनी टेबलावर ठेका धरला, मोठ्याने,
आणि दुसऱ्या हाताने आम्हा दोघींना जवळ बोलावलं.

ऐकू यायचं तर वाकावं लागत होतं.
बोगलार्काचा कान माझ्या गालाला लागला, थंड,
तिच्या केसांना आईच्याच साबणाचा वास.
बाबा बोलत होते.
एका शेजाऱ्याचं नाव. एका सहीचं.
त्या सहीची शाई कुठल्या रंगाची होती ते.
वेंडेल आणि एमेशे दाराशी उभे राहून
न ऐकल्यासारखं करत होते.
ठेका एकदाही चुकला नाही.

साठावं मिनिट झालं तेव्हा भोंगा वाजला.
बाहेर विक्रमांची फळी होती, पोरीने खडू उचलला,
काय लिहावं तिला कळेना.
फोटोत आम्ही पाच जण, बाबांची टोपी वेंडेलच्या डोक्यावर,
बोगलार्काच्या हातात माझी बाही.

ते नेमकं काय म्हणाले,
ते इथे लिहीत नाही.
घरातली सवय.