बिनलेबलची बाटली

फिलोमिनाच्या बाटली मसाल्याची
साठ लेबलं उद्या सकाळी हवीत
आणि प्रिंटरला किरमिजी रंग आठवेनासा झालाय.
मिरच्या उमटतात पिवळ्याधमक, कावीळ झाल्यागत.
'तिखट' या शब्दाच्या पोटातून
एक पांढरी रेघ आरपार.

खार दांड्याच्या नाक्यावरचा हार्डवेअरवाला म्हणाला,
थिनर न्या ताई, रंगाला रंगाऱ्याचंच औषध.
ऐकलं होतं त्याचं मागच्या वर्षी.
तेव्हापासून पुढचं झाकण
भाजल्या पापडासारखं वाकडं आहे,
रबर लावून बंद करते.

मग त्याने गल्ल्याखालून दुसरी काढली.
पाण्याच्या बाटलीत पाण्यासारखंच काही,
बूच निळं, अंगावर अक्षर नाही.
"स्पिरिट. स्वस्तातलं. सगळं साफ."

भिवाकाका गोदीतून सुटून
असल्याच एका बाटलीपाशी बसला होता.
दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता,
ऊन ओट्यावरून पार मोरीपर्यंत आलेलं,
आणि तो म्हणाला,
अरे, दिवा तरी लावा कुणी.

मेथिल हा शब्द आमच्या घरात
तेव्हा आला, इस्पितळाच्या कागदावरून.
पुढे अकरा वर्षं काका
नोटा बोटांनी मोजत राहिला.

मला कुठे प्यायचंय, पुसायचंय फक्त,
असं म्हणून पाहिलं मनाशी.
पण ते कातडीतून आत शिरतं, श्वासातूनही,
आणि माझं घर दहा बाय बारा,
त्यात सासूबाईंचा दमा,
आणि पोरगी टेबलाखाली अभ्यासाला बसते.

बस बदलून प्रिन्सेस स्ट्रीट गाठला.
हकीमुद्दीनभाईंनी आधी नाडी पाहिली.
कुठे दुखतं? हेड की रोलर?
रोलरला दारू पाजू नका बेन,
रबर सुकतं, मग तडकतं. ओलं फडकं, बस.
हेडला आधी डिस्टिल्ड वॉटर, धीर धरून.
धातूच्या टोकांना ही, आयसोप्रोपिल, नव्व्याण्णव टक्के,
कापसाला नुसता वास लागावा इतकीच.
सत्तरवाली कशाला? तीस टक्के पाणी, ते जखमेला ठीक.
सॅनिटायझर? त्यात ग्लिसरीन.
साफ करून चिकट करणार का?
आणि गॅस बंद. हिची वाफ दिसत नाही,
जमिनीलगत सरकते, आगीला शोधत.

रात्री वायर काढली, खिडकी उघडली,
पंख्याला सुद्धा हात लावला नाही.
सासूबाईंना म्हटलं, आज दिवा उशिरा.
त्या म्हणाल्या, देव काय अंधाराला घाबरतो?
पण जरा रागावूनच.

ओल्या चिंधीवर हेड टेकवलं.
वीस मिनिटं काहीच नाही.
मग कडेला एक गुलाबी ठिपका,
मग झिरपत, पसरत,
हळद लावलेल्या बोटाला
चुना लागावा तसा अचानक लाल.

सगळं सुकायला सकाळचे तीन वाजले.
मिरच्या आता मिरच्या आहेत.
पांढरी रेघ पूर्ण गेली नाही,
केसाएवढी उरलीय. फिलोमिनाला दिसणार नाही,
मला दिसत राहील.

साठ झाली. एकसष्टावी माझी स्वतःची.
भाईंच्या बाटलीवर इंग्रजी बारीक अक्षर आहे,
घरात ते मी सोडून कुणी वाचत नाही.
मोठ्या काळ्या टायपात छापलं:
हे पाणी नाही. पिऊ नका. आगीजवळ नको.
खाली तारीख.
चिकटवली, आणि बाटली माळ्यावर,
पोरीचा हात पुरणार नाही अशी.

काकाला अक्षर येत नव्हतंच.
लेबल असतं तरी त्याने काय वाचलं असतं.
पण बाटली त्याच्या पुढ्यात सरकवणाऱ्याला
येत होतं की,
त्याचे डोळेही शाबूत होते.

त्याच कागदावर अजून पाच जागा कोऱ्या आहेत.
मसाला पोचवून येताना
नाक्यावर थांबेन म्हणते.