क्षचा पाय

पाच जणी. ड्रॉइंग एकच.
वास्कोच्या यार्डात, झुआरीकडे पाठ करून
एकामागून एक उभ्या राहिल्या.
साहेब म्हणत, ‘क्लास’.
कायतान मेस्त म्हणायचा, ‘एका आवयच्या पोरी,
ओळखायच्या कशा ते शिक.’

शिकलो.
पहिलीच्या नाळीवर, डाव्या अंगाला,
एक प्लेट किंचित आत गेलेली, गालावरच्या खळीसारखी.
दुसरी भर दमट हवेत रंगवली, तिला फोड आले,
खरवडून पुन्हा रंगवली, पुन्हा आले.
तिसरी सरळ होती. तिसरीबद्दल मला काहीच आठवत नाही.

वेल्डर ठिणग्यांत असायचे,
मी दोरीच्या पाळण्यात, डबा मांडीत धरून,
पांढऱ्यावर निळा तिरपा पट्टा ओढत.
पट्ट्याला टेप लागते. अक्षरांना मात्र
वेल्डरने आधीच लोखंडाची बारीक कड घालून दिलेली असते.
आपण फक्त आत भरायचं,
बाहेर जायचं नाही.
शाळेत मास्तर हेच सांगायचे, तिथं जमलं नव्हतं.

चौथीवर ‘तटरक्षक’ भरताना
खाली जेटीवरून कुणीतरी ओरडलं,
‘चली जाली रे तुका!’
आणि क्षचा पाय कडेबाहेर गेला,
बोटभर.
ओला होता तोवर पुसायला हवा होता.
मी वर लटकून नुसता हसत बसलो.
वाळला. कायतानने पाहिलं, पाठ फिरवली.
तपासणीच्या साहेबाने पाहिलं नाही,
तो खाली वाकून पंखा बघत होता.

नारळ फुटला, चौथी पाण्यात गेली, यार्डात लाडू.
पाण्यात गेलेली वस्तू आपली राहत नाही
हे खारव्याच्या पोराला कुणी सांगावं लागत नाही.
खारीवाड्यात आमच्या घरी दोघे भाऊ:
मी जहाजं रंगवणारा, पोहता न येणारा,
आणि वासुदेव, ज्याला जमिनीवर चक्कर यायची.

बंदीच्या दिवसांत, जुलैत, तो गुपचूप गेला.
बेतुलच्या पुढे रात्री एक दिवा अंगावर आला,
मग भोंगा, मग हिंदीत ‘इंजिन बंद करो’.
जाळं गेलं, दंड झाला.
घरी येऊन ताट बाजूला सारत म्हणाला,
‘तुझीच होती ती. क्ष लंगडा होता.’
आई हसली. तो हसला नाही.
महिनाभर माझ्याशी शब्द नाही.

पुढच्या वर्षी वादळ आलं ते सांगून आलं होतं,
पण होडीवरचा रेडिओ
बोस्त्यांवने विकून टाकला होता.
तीन रात्री.
चौथ्या दिवशी वासुदेव आला, ओठ फुटलेले,
दुसऱ्याच कुणाच्या ढगळ निळ्या कपड्यांत.
मी विचारलं, कुठली होती?
म्हणाला, ‘डोळ्यांत मीठ. पाय तेवढा दिसला.
धरले रे पाय, तुझ्या त्या लंगडीचे.’
बोस्त्यांव आला नाही.
त्याची बायको अजून आमच्याकडे मिठाला येते,
वासुदेव घरात असला की उंबऱ्याबाहेरूनच मागते.

परवा चौथी दुरुस्तीला आली.
खपल्या, गंज, बुडाला शिंपल्यांची दाट पुटकुळी,
आणि सहा थरांचा पांढरा.
कुणाकुणाचे हात फिरले होते देव जाणे,
प्रत्येकाने क्षला कडेच्या आत बसवलं होतं, व्यवस्थित.
मी ग्राइंडर लावला. चौथा थर, पाचवा,
आणि तळाशी तो, बोटभर, निळा, अजून बाहेर पडलेला.
पोरगी आता एकोणीस वर्षांची आहे.
कायतान मेस्त गेला त्याला नऊ झाली.

नवा सुपरवायझर म्हणाला, पार लोखंडापर्यंत घासा.
घासलं.
प्राइमर, पांढरा, दोन दिवस वाळवण.
मग पाळणा, डबा, ब्रश.
त भरला. ट भरला. र भरला.
क्षच्या पायाशी आलो.
खाली जेटीवर दुपार, एक कुत्रा, क्रेनचा हलणारा आकडा.

हात थांबला थोडा.
खालून कुणी हाक मारेना.